भिंतीत कॅमेरा लावता येत नाही: शॉट आखण्यासाठी सॉफ्टवेअर कसं वापरावं

बहीण स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधते आहे. वर नारळ, सुपारीचे घड, तोरिंजनं. खाली तिची पूर्ण आकृती. मागे दारात मुंबईहून नुकताच आलेला दादा. कागदावर काढायला सोपा आणि बघायला देखणा शॉट. आता घर बघा. गोव्यात अंत्रूज महालातलं (फोंड्याकडचं) जुनं चिऱ्यांचं घर, गणपतीची खोली चार मीटर खोल. ट्रायपॉड आणि मागे उभा राहणारा माणूस यांनी त्यातला एक मीटर खाल्ला. उरलेल्या तीन मीटरांत तुमच्या बॅगेतल्या ३५ मिमी लेन्सने हा शॉट मिळत नाही. हे शूटिंगच्या सकाळी कळलं की सगळं युनिट भिंतीकडे बघत उभं राहतं. आठवडाभर आधी लॅपटॉपवर कळलं तर लेन्स बदलता येते, जागा बदलता येते, नाहीतर शॉटच बदलता येतो.

शॉट आखण्याच्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग हा आहे. सुंदर चित्रं हा त्याचा जोडफायदा. म्हणून या लेखात क्रम थोडा उलटा ठेवला आहे: आधी मोजमाप, मग वरून काढलेला नकाशा, मग लेन्स, आणि चित्रं सगळ्यांत शेवटी. वरचा दोन माणसांचा, दोन-अडीच मिनिटांचा सीन घेऊनच सगळ्या पायऱ्या करून बघू.

कोणतं सॉफ्टवेअर?

यावर फार वेळ घालवू नका. लघुपट, म्युझिक व्हिडिओ किंवा मंडळाच्या नाटकाचं चित्रीकरण एवढ्याच कामासाठी फुकटात भागतं. शॉटलिस्टसाठी गूगल शीट्स. चित्रांसाठी स्टोरीबोर्डर, हे वंडर युनिटचं मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि त्यातल्या शॉट जनरेटरमध्ये तयार थ्रीडी माणसं उभी करून कॅमेरा फिरवता येतो, म्हणजे हात चित्रकाराचा नसला तरी अडत नाही. खोलीचं अचूक मॉडेल हवं तर ब्लेंडर, तेही फुकट. फक्त वरून नकाशा काढायचा असेल तर शॉट डिझायनर सगळ्यांत सुटसुटीत. त्यात पात्रं आणि कॅमेरे हलवून दाखवता येतात. फुकट आवृत्तीला मर्यादा आहेत, पण सवय करायला ती पुरते. स्टुडिओबाइंडरसारख्या पैसे भरून घ्यायच्या सेवा मोठं युनिट असेल तेव्हा कामाच्या.

एआयकडून स्टोरीबोर्डाची चित्रं काढून घेण्याची पद्धत हल्ली पडली आहे. मूड दाखवायला, निर्मात्याला पटवायला ठीक. पण त्या चित्राला तुमची लेन्स माहीत नसते आणि तुमची भिंतही. शॉट शक्य आहे की नाही, या प्रश्नावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

संहिता आत घेताना

स्टोरीबोर्डर फाउंटन या साध्या मजकुराच्या स्वरूपातली संहिता वाचतो आणि सीननुसार पानं पाडून देतो. मराठी लिहिणाऱ्यांची अडचण इथेच सुरू होते. फाउंटन सीनचं शीर्षक ओळखतो ते ओळीच्या सुरुवातीला असलेल्या इंग्रजी आखूड रूपांवरून, आणि पात्राचं नाव ओळखतो मोठ्या लिपीतल्या अक्षरांवरून. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाहीच. त्यामुळे ‘आत. गणपतीची खोली. सकाळ’ ही ओळ त्याला साधं वर्णन वाटते.

उपाय फाउंटनच्या नियमांतच आहे. सीनच्या शीर्षकाआधी एक टिंब द्या, म्हणजे ओळ ‘.आत. गणपतीची खोली. सकाळ’ अशी होईल, आणि तिच्या वर-खाली एकेक ओळ रिकामी सोडा. पात्राच्या नावाआधी ॲट-द-रेटचं चिन्ह द्या. आधी एकच पान आत घेऊन बघा. नीट आलं की मग अख्खी संहिता. पीडीएफ काढून मराठी मजकूर तपासणंही तेव्हाच उरका. काही सॉफ्टवेअरांत पीडीएफ करताना जोडाक्षरं फुटतात. तसं झालं तर नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तसारखा फॉन्ट लावून बघा, तरीही जमलं नाही तर चित्रावर फक्त शॉट क्रमांक ठेवा आणि मजकूर शीटमध्ये लिहा.

रेकी: फोटो कमी, फूटपट्टी जास्त

रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा आधी बघायला, गेल्यावर आपण भरमसाट फोटो काढतो आणि घरी आल्यावर खोली किती रुंद होती ते कुणालाच आठवत नाही. पाच मीटरचा टेप न्या. खोलीची लांबी-रुंदी, छताची किंवा तुळईची उंची, दारांची रुंदी, दार कोणत्या बाजूला उघडतं, उंबरा किती उंच, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती वर, भिंतीची जाडी. जुन्या घरांत भिंती चांगल्याच जाड असतात, आणि दारातून शॉट घ्यायचा असेल तर ती जाडी फ्रेमच्या दोन्ही कडा खाते. लायडार (अंतर मोजणारा लेझर सेन्सर) असलेला आयफोन कुणाकडे असेल तर पॉलिकॅमसारख्या ॲपने खोली स्कॅन करता येते. तरी दोन-तीन मापं टेपने पडताळून घ्या.

उत्तर दिशा नोंदवा. फोनचं होकायंत्र स्कूटर, लोखंडी गज किंवा ट्रायपॉडजवळ धरलं की भरकटतं, म्हणून राजांगणाच्या, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकाच्या, मध्यावर उभं राहून बघा आणि नंतर गूगल अर्थवर घराच्या छपराची दिशा जुळवून घ्या. विजेचे पॉइंट किती आणि कुठे, तेही लिहा. आणि एक मिनिट नुसते कान उघडे ठेवून उभे राहा: पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू किती वाजता येतो, मासळीवाली कधी, देवळाचा कर्णा कोणत्या दिशेला, पंखा कुरकुरतो का. या सगळ्याला पुढे शॉटलिस्टमध्ये स्वतंत्र रकाना लागणार आहे.

वरून नकाशा

शॉट डिझायनरमध्ये किंवा चौकटीच्या कागदावर खोली काढा. एक चौकट म्हणजे २५ सेंटीमीटर धरलं तर बरं पडतं. भिंती, दारं, खिडक्या, चौरंग, माटोळीची चौकट, स्टूल. मग माणसं. सीनमध्ये माणूस हलत असेल तर सुरुवातीची आणि शेवटची, अशा दोन्ही जागा दाखवा. आपल्या सीनमध्ये दादा राजांगणातून उंबरठ्यावर येतो, थांबतो, मग चौरंगापर्यंत. म्हणजे त्याच्या तीन जागा. बहीण स्टुलावर, मग खाली उतरते.

आता दोघांच्या मधून एक रेघ ओढा. कॅमेरे या रेघेच्या एकाच बाजूला ठेवले की बहीण नेहमी फ्रेमच्या डाव्या बाजूने आणि दादा उजव्या बाजूने बघेल, आणि संकलनात ते एकमेकांशीच बोलताहेत असं वाटेल. हा १८० अंशांचा नियम सगळ्यांना पाठ असतो. गोंधळ होतो तो पात्र हलल्यावर, कारण रेघही हलते. दादा उंबरठ्यावरून चौरंगाकडे आला की रेघ जवळजवळ काटकोनात वळते, आणि सुरुवातीला बरोबर असलेली कॅमेऱ्याची जागा चुकीच्या बाजूला जाते. नकाशावर हे दोन मिनिटांत दिसतं. उपायही तिथेच सुचतो: दादा चालत असताना कॅमेऱ्याने त्याच्याबरोबर फिरायचं, म्हणजे रेघ प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत बदलते.

लेन्सचं गणित

सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा टाकताना दोन आकडे खरे असावे लागतात: फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) आणि सेन्सरची रुंदी. पहिला सगळे भरतात, दुसरा तसाच सोडतात, आणि सॉफ्टवेअर फुल फ्रेम या मोठ्या आकाराच्या सेन्सरचे ३६ मिमी धरून बसतं. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून लहान, एपीएस-सी आकाराचा असेल तर रुंदी साधारण २३.५ मिमी (कॅननच्या एपीएस-सीत थोडी कमी), आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्स असेल तर १७.३ मिमी. काही कॅमेरे फोर-के चित्रीकरणात किंवा जास्त फ्रेम-रेटला सेन्सरचा मधलाच भाग वापरतात, मॅन्युअल बघा.

सूत्र सोपं आहे. फ्रेममध्ये किती रुंदी येईल ते हवं असेल तर अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंथ. आपल्या खोलीत अंतर ३ मीटर. एपीएस-सीवर ३५ मिमी लावली तर रुंदी २ मीटर आणि १६:९ च्या फ्रेमची उंची १.१३ मीटर. कंबरेपासून वरची बहीण, बस. २४ मिमीने उंची १.६५ मीटर होते, म्हणजे माटोळीसकट उभी बाई अजूनही बसत नाही. १६ मिमीने रुंदी ४.४ आणि उंची जवळजवळ अडीच मीटर. आता शॉट बसला, पण कडेचे नारळ ताणलेले दिसतील आणि मागचा दादा फार लहान.

तिसरा मार्ग आहे. कॅमेरा खोलीबाहेर राजांगणात न्यायचा आणि दारातून बघायचं. अंतर सहा मीटर झालं की ३५ मिमीनेही उंची सव्वादोन मीटर मिळते. मात्र दार १.१ मीटर रुंद आणि कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर असेल तर सहा मीटरवर २.२ मीटर रुंदीच दिसते. दोन्ही बाजूंना चौकटीचा काळोख येतो. मला स्वतःला हा शॉट १६ मिमीपेक्षा जास्त आवडेल, कारण परतून आलेला माणूस घराकडे असाच बघतो. दादा मात्र मग कॅमेऱ्याच्या बाजूने, पाठमोरा आत येईल. सीनची मांडणीच बदलली, आणि ती लॅपटॉपवर बदलली.

जागेवर असतानाच पडताळायचं असेल तर कॅड्राज किंवा आर्टेमिससारखी व्ह्यूफाइंडर ॲपं आहेत. त्यांत कॅमेरा आणि लेन्स निवडली की फोनच्या पडद्यावर तेवढी चौकट दिसते.

ब्लेंडरमध्ये खोली उभी करणं

ब्लेंडरचं नाव ऐकून घाबरू नका. आपल्याला त्यातलं फार थोडं लागतं. नव्या फाइलमध्ये मधला ठोकळा काढून टाका, जमिनीसाठी एक प्लेन घेऊन मापं मीटरमध्ये टाका, भिंतींसाठी ठोकळे उभे करा आणि त्यांना खरी जाडी द्या. माणसांसाठी पात्रांच्या उंचीचे दंडगोल पुरतात. कपडे-चेहरे करत बसलात तर आठवडा तिथेच जाईल.

कॅमेऱ्याच्या गुणधर्मांत फोकल लेंथ आणि सेन्सर भरा. नमपॅडवरचं शून्य दाबलं की कॅमेऱ्यातून दिसतं, आणि बाजूच्या पट्टीत ‘कॅमेरा टू व्ह्यू’ चालू केलं की खोलीत हिंडता हिंडता फ्रेम लावता येते. प्रत्येक शॉटला वेगळा कॅमेरा ठेवा आणि त्याला शॉटलिस्टमधलाच क्रमांक नाव म्हणून द्या. कॅमेरा निवडून टाइमलाइनवर कंट्रोल-बी दाबलं की तो त्या फ्रेमपाशी बांधला जातो. असे सगळे कॅमेरे ओळीने बांधले की सीन कापल्यासारखा चालून दिसतो. फ्रेम-रेट २५ करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइटखाली चित्र फडफडत नाही.

एकच पथ्य पाळा. फ्रेम चांगली येत नाही म्हणून आड येणारी भिंत लपवायची नाही. स्टुडिओत सेट लावला असेल तर भिंत हलते, कुणाच्या राहत्या घराची हलत नाही.

ऊन कधी, कुठे

आता या पद्धतीतला सगळ्यांत कामाचा भाग. ब्लेंडरचं सन पोझिशन नावाचं ॲड-ऑन घ्या आणि त्यात जागा, तारीख व वेळ भरा. फोंड्यासाठी अक्षांश १५.४, रेखांश ७४.०, वेळेचा फरक ५.५. उत्तर दिशा रेकीत नोंदवलेली असेलच. आता मॉडेलमध्ये उन्हाचा कवडसा सरकताना दिसतो.

आपला सीन चवथीनंतरचा (गणेश चतुर्थीनंतरचा), म्हणजे मध्य सप्टेंबरचा धरू. (आधी शूट करता येत नाही: माटोळीचं बरंचसं सामान चवथीच्या बाजारातच मिळतं, आणि चवथीच्या दिवसांत गणपतीची खोली कोण देणार? दीड दिवसांचा गणपती गेला की घरवाल्यांना विनंती करून माटोळी तशीच ठेवून घ्यायची. फळं सुकत जातात, म्हणून माटोळीचे वाइड शॉट पहिल्या दिवशी.) राजांगण पाच मीटर रुंद आणि भोवतालच्या पडवीच्या पागोळ्या साडेतीन मीटर उंच असतील तर मध्य सप्टेंबरात पश्चिमेकडच्या कडेला ऊन नवाच्या आसपास टेकतं, पण मधल्या तुळशीवृंदावनाच्या पायाशी ते साधारण सव्वादहाला पोचतं आणि पावणेतीनला निघून जातं. गोव्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, त्या दिवसांत साडेबाराच्या सुमारास. दादाच्या खांद्यावरून तुळशीवरचं ऊन दिसायला हवं असेल तर तो शॉट सकाळी नऊला लावून उपयोग नाही.

शिंपल्यांच्या खिडक्या असलेलं घर मिळालं तर नशीब. त्यांतून ऊन गाळून येतं आणि चेहऱ्यावर पडणारा प्रकाश बराच वेळ सारखा राहतो, त्यामुळे खोलीतले जवळचे शॉट दुपारच्या कडक उन्हाच्या वेळेवर ढकलता येतात.

बाहेरच्या शॉट्ससाठी ब्लेंडर लागत नाही. फोटोपिल्स, सन सर्व्हेअर किंवा सन सीकर पुरे. पण दोन गोष्टी ध्यानात असू द्या. गोव्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरअखेर सूर्य साधारण २४६ अंशांवर बुडतो आणि एप्रिलअखेर २८५ च्या आसपास. नाताळात रेकी केली तेव्हा डोंगराआड गेलेला सूर्य एप्रिलमध्ये थेट समुद्रात जाताना दिसू शकतो, आणि उलटही. दुसरं, या अक्षांशावर सूर्य झपकन उतरतो. सहा अंशांवरून क्षितिजाला टेकायला त्याला पंचवीस-सत्तावीस मिनिटं लागतात. सूर्यास्ताआधीच्या मऊ सोनेरी उजेडाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, पण त्या नावातला तास विसरून त्या वेळेत एक जागा आणि दोन शॉट एवढंच लिहा.

शॉटलिस्ट

गूगल शीटमध्ये एका ओळीत एक शॉट. रकाने: सीन, शॉट क्रमांक, फ्रेममध्ये काय, शॉटचा आकार, लेन्स, कॅमेऱ्याची जागा, हालचाल, आवाजाची अडचण, उन्हाची वेळ, प्राधान्य. यातले दोन महत्त्वाचे.

‘कॅमेऱ्याची जागा’ म्हणजे नकाशावरची क, ख, ग ही अक्षरं. शीट या रकान्याने लावली की एकाच जागेवरून घ्यायचे शॉट एकत्र येतात, आणि शूटिंगचा क्रम आपोआप तयार होतो. पाच-सहा जणांच्या टीमला नवी जागा लावायला सहज अर्धा तास जातो. त्याच जागेवर लेन्स बदलून पुढचा शॉट दहा मिनिटांत होतो. आपल्या सीनमध्ये नऊ शॉट असले तरी जागा चारच आहेत, आणि दिवसाचा हिशेब जागांवर करायचा असतो.

‘प्राधान्य’ मध्ये अ, ब, क. ‘अ’ नसेल तर सीन उभाच राहणार नाही: आपल्याकडे दारातून दिसणारी माटोळी आणि बहीण, दादाचा चेहरा, बहिणीचा चेहरा. ‘ब’ मुळे सीन चांगला होतो: हातात दोरी, उंबरठ्यावर काढलेल्या चपला. ‘क’ म्हणजे दिग्दर्शकाची हौस. हा रकाना आदल्या रात्री शांतपणे भरलेला असावा, कारण दुपारी तीनला सर आली आणि वीज गेली की जो-तो आपल्या आवडीच्या शॉटसाठी भांडतो. ‘अ’ शॉट एकूण शॉट्सच्या निम्म्यापेक्षा जास्त निघाले तर तुम्ही प्रामाणिकपणे भरलेला नाही.

पावसाळ्यात आणखी एक रकाना जोडा: ‘सर आली तर’. राजांगणातल्या प्रत्येक शॉटसमोर आतला एखादा शॉट लिहून ठेवायचा.

चित्रं आणि ॲनिमॅटिक

इतकं झाल्यावर स्टोरीबोर्डर उघडा. ब्लेंडरमधल्या फ्रेम चित्र म्हणून काढून त्यावरच रेषा मारल्या की काम पटकन होतं. मग संवाद फोनवर वाचून घ्या आणि प्रत्येक चित्राला त्याच्या संवादाएवढा वेळ द्या. अशी ओळीने चालणारी चित्रं म्हणजे ॲनिमॅटिक. वाचणारा माणूस नाटकातला नसेल तर उत्तम. रंगभूमीच्या फेकीने वाचलं तर सीन लांबतो. अडीच मिनिटांचा सीन चार मिनिटांचा निघाला तर शूटिंगच्या आधी संहितेला कात्री लावा.

नदी, किनारा, ड्रोन

दादा चोडणला जाणारा असता आणि सीन रायबंदरच्या फेरीबोटीवर असता, तर नकाशा वेगळा झाला असता. रायबंदर मांडवीच्या दक्षिण तीरावर आणि चोडण उत्तरेला, त्यामुळे जाताना संध्याकाळचं ऊन डाव्या अंगाला असतं, परतताना उजव्या. अर्धा सीन जाताना आणि अर्धा येताना घेतला तर चेहऱ्यावरचा प्रकाश आणि मागचा काठ दोन्ही उलटतात. शॉटलिस्टमध्ये ‘कोणती फेरी’ हा रकाना घाला, आणि एकाच दिशेच्या फेऱ्यांत सगळं बसवा.

किनाऱ्यावर किंवा घाटाच्या पायऱ्यांवर शूट असेल तर मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक घ्या. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साधारण दोन मीटरांनी वर-खाली होतं. दोन दिवसांचं शूट असेल तर पहिल्या दिवशीची वाळू दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाण्याखाली असू शकते.

सार्वजनिक जागी चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे जावं लागतं. जुन्या गोव्यातल्या संरक्षित चर्चेससाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी वेगळी. अर्जाबरोबर वरून काढलेला नकाशा जोडा: कॅमेरा कुठे, किती माणसं, रस्ता अडतो का. पणजीतल्या फोंतेन्हाससारख्या जुन्या वस्तीत तोच नकाशा रहिवाशांनाही दाखवा. कॅमेऱ्यांना ते आधीच कंटाळलेले आहेत. ड्रोनचा शॉट लिहिण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनसाठीचा नकाशा उघडा. दाबोळीला नौदलाचा तळ, मोपाला दुसरा विमानतळ, त्यामुळे एवढ्याशा राज्यात मोकळं आकाश वाटतं त्यापेक्षा कमी आहे.

शूटिंगच्या दिवशी

शीट आणि नकाशा पीडीएफ करून आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाका, आणि दोन प्रती छापून घ्या. सत्तरी-सांग्याकडे रेंज जाते, आणि पावसात फोनचा पडदा बोटाला जुमानत नाही. एका माणसाच्या हातात पेन्सिल द्या. तो प्रत्येक शॉट झाला की खूण करेल, आणि बदललेली लेन्स किंवा जागा तिथेच लिहील. उन्हाच्या वेळेचे शॉट रंगवून ठेवा. बाकीचं सगळं त्यांच्याभोवती सरकवता येतं.

टेकची पाटी वाचताना शॉटलिस्टमधलाच क्रमांक वाचा. आयत्या वेळी सुचलेल्या शॉटला शेजारच्या शॉटचा क्रमांक आणि पुढे एक अक्षर, म्हणजे ४ नंतर ४-अ. क्रम नव्याने लावायचा नाही. रात्री कार्ड उतरवताना क्लिपच्या फोल्डरलाही तेच क्रमांक द्या आणि खुणा केलेल्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. संकलकाला पहिला फोन करायची वेळच येणार नाही.